पांढरं फूल म्हणजे 'सफेद मुसळी' नव्हे

पहिल्या पावसानंतर रानात सहा पाकळ्यांचं पांढरं फूल दिसलं, फोटो टाकला, की खाली उत्तर ठरलेलं: सफेद मुसळी. रंग आणि पाकळ्यांची संख्या यावरून हे ठरत नाही.

फूल कडेने बघा. मुसळीच्या म्हणजे क्लोरोफायटम या वनस्पतीगटाच्या फुलात हिरवा, तीन फुगवट्यांचा अंडाशय पाकळ्यांच्या वर, सहा पुंकेसरांच्या मधोमध असतो. तोच पाकळ्यांच्या खाली, देठाला लागून फुगलेला दिसला तर ते क्रायनम किंवा पॅन्क्रॅशियम, ही कांद्यावर वाढणारी वेगळीच फुलझाडं. या दोघांत पाकळ्या खाली जुळून लांब नळी होते. पॅन्क्रॅशियममध्ये पुंकेसरांना जोडणारी पांढरी वाटीसुद्धा दिसते. दोघांचेही कांदे विषारी. म्हणून वरून काढलेला देखणा फोटो ओळखीला जवळजवळ निरुपयोगी!

खरी गडबड भाजीच्या वेळी होते. कोकणात फोडशी किंवा कुळू म्हणून क्लोरोफायटमची पानं खातात, पण ती फुलाच्या आधीची, कोवळी. तेव्हा वरची खूण कामाची नाही. आणि फोडशी समजून चुकून खुडला जाऊ शकतो तो विषारी रानकांदा तर उन्हाळ्यात, पानं नसताना फुलून मोकळा होतो. पावसाळ्यात उरतात नुसती पानं. त्याचं विष थेट हृदयावर जातं. अशा वेळी बुडाशी माती बोटाने जरा सारा. एकावर एक पापुद्र्यांचा कांदा लागला तर ती फोडशी नाही, सोडून द्या. ॲपने काहीही नाव सांगितलेलं असो.

आता क्लोरोफायटममधली नेमकी जात कोणती? ट्यूबरोसम या जातीचं फूल टपोरं, पिवळे परागकोश त्यांच्या दांड्यांपेक्षा लांब; जमिनीखाली दोऱ्यासारख्या मुळांच्या टोकांना गाठी लोंबतात. बाजारात मोलाची असलेली मुसळी म्हणजे बोरिव्हिलिॲनम (नावातली बोरिवली आपलीच, मुंबईची). तिची मांसल मुळं थेट बुडापासून जुडीने फुटतात. पण हे बघायला रोप उपटावं लागतं, आणि त्याला माझा साफ विरोध आहे. हे बहुवर्षायू झाड वरून वाळतं आणि पुढच्या पावसात याच मुळांवर उठतं. मुळासकट खणूनच तर ही मुसळी रानातून कमी झाली. पाण्याने माती वाहून मुळं उघडी पडलेली दिसली तर बघा, नाहीतर 'क्लोरोफायटम' एवढंच लिहून थांबा.

फोटो सकाळी घ्या, दुपारनंतर फूल मिटत जातं. फुलाचा कडेने एक, पुंकेसरांचा जवळून एक, पानांच्या बुडाचा एक, आणि शेजारी नाणं ठेवून पूर्ण रोपाचा एक.