पिशवी पाहून माणूस जोखणारे

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेले उकडे तांदूळ पिशवीत दिसले की आमच्या वसाहतीतील मंडळी ‘अजून हेच खाता?’ असे विचारतात, आणि हीच मंडळी पणजीच्या एखाद्या सजवलेल्या उपाहारगृहात तोच भात मातीच्या वाडग्यात आला की त्याची छायाचित्रे काढत बसतात, हे आता सहन होत नाही. फेणी या गोव्याच्या दारूचेही तेच. काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तरी घरी तिच्या वासाने नाक मुरडणारेच बाहेर नक्षीदार बाटलीतील फेणी मिरवतात. थॉर्स्टीन व्हेब्लेन या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने दिखाऊ उपभोगाची ही तऱ्हा 1899 मध्येच मांडली होती (त्याला आमची वसाहत दाखवायला हवी होती). आपण कोणात मोडतो हे सांगण्यासाठी कोणी वस्तू घेत असेल, तर माझी तक्रार नाही. ज्याने त्याने आपल्या पैशाने मिरवावे. परंतु सकाळी सायकलवर भोंपू वाजवीत येणाऱ्या पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, पोय हा पाव घेणाऱ्याला मागासलेला ठरवायचे, तीच कोंड्याची पोय चकचकीत दुकानातून कितीतरी जास्त दराने आणणाऱ्याला आरोग्याविषयी जागरूक म्हणायचे, आणि वर मलाच राहणीमान सुधारण्याचा सल्ला द्यायचा, हा आगाऊपणा यांना कोणी शिकवला?