कोरडं नक्षत्र, फासा आणि एक रास्त तक्रार

‘नक्षत्र’ या सोयाबीन पेरणीवरच्या पत्त्यांच्या खेळाच्या नियमांवर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. यात एक फेरी म्हणजे पावसाचं एक नक्षत्र, आणि दर फेरीला एक पान निघतं: पाऊस, भुरभुर किंवा कोरडं, म्हणजे पाऊस नाही. लागोपाठ दोन कोरडी नक्षत्रं निघाली की एक गडी अर्धा तास नुसता बसून राहतो. सगळं नशिबावरच सोडायचं तर पानांपेक्षा फासा बरा. आणि कोरडं पान पाठीवरून ओळखू येतं. यातला फाशाचा तेवढा पटत नाही.

मृग ते उत्तरा अशा 8 फेऱ्या आहेत. ‘6 पडला की कोरडं’ असं धरलं, तर शंभरातल्या 23 डावांत एकही कोरडं नक्षत्र येणार नाही आणि 13 डावांत तीन किंवा जास्त येतील. मागच्या फेरीत काय पडलं ते फाशाला आठवत नाही. कॅटला, म्हणजे पानांच्या गठ्ठ्याला, आठवतं: 12 पानांत कोरडी दोनच, तिसरं येणारच कुठून?

पण पहिली तक्रार खरी आहे. सगळी 12 पानं एकत्र पिसली तर दोन्ही कोरडी लागोपाठ निघण्याची शक्यता 66 त 7, म्हणजे साधारण दर नऊ-दहा डावांत एकदा. हे फार झालं. म्हणून आता असं करा: कोरडी दोन बाजूला काढा, उरलेली 10 (8 पाऊस, 2 भुरभुर) पिसून पाच-पाचचे दोन ढीग करा, प्रत्येकात एक कोरडं घालून ढीग वेगवेगळे पिसा आणि एकावर एक ठेवा. पँडेमिक या 2008 च्या खेळात साथीची पानं अशीच ढिगांत वाटून घालतात. आता लागोपाठ येण्याची शक्यता 36 त 1, तीही फक्त मघा-पूर्वात, ऐन शेंगा भरायच्या दिवसांत. तेवढी राहू द्या. लातूर-औशाकडे ती कुणाला समजावून सांगावी लागणार नाही.

या पद्धतीत एक खोट आहे. मृगातच कोरडं निघालं, तर मघा संपेपर्यंत दुसरं नाही हे सगळ्यांना कळतं आणि जो तो असेल नसेल ते सोयाबीनमध्ये घालतो. भुरभुरीची दोन पानं त्यासाठीच आहेत. भुरभुर निघाली की सोयाबीनचा उतारा निम्मा. ती काढून टाकू नका.

गडी बसून का राहतो, ते मात्र पानांमुळे नव्हे, पैशांमुळे. हातात 6 नाणी, सोयाबीनची पेरणी 3, दुबार पेरणी पुन्हा 3, संपलं. दुबार 2 ला करा, कारण रान तयारच असतं, बियाणं तेवढं लागतं. उरलेल्या नाण्यात तूर पेरता आली पाहिजे: 1 ला पेरणी, 4 मिळतात, पण डाव संपल्यावर. एकाला एकच तूर, नाहीतर सगळे तूरच पेरतील.

पाठीचं म्हणाल तर दोन्ही बाजू छापूच नका. घरच्या प्रिंटरवर मागची बाजू मिलिमीटर-दोन मिलिमीटर सरकते आणि तेवढ्यावर पान ओळखतात. लॅमिनेशनही नको, पानं घसरतात, पिसताच येत नाहीत. 63 × 88 मिमीची नऊ पानं एका ए-फोर कागदावर बसतात. ती कापून पारदर्शक स्लीव्हमध्ये (पानांच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात) घाला आणि प्रत्येकामागे जुन्या कॅटमधलं एक पान सरकवा, पाठ बाहेरच्या बाजूला. बाराही पानं एकाच कॅटमधली घ्या. दुमडलेलं एक जरी असलं, तरी ते नेमकं कोरड्यामागेच लागतं.