तुमचे दोन टार्गेट पेपर मी ठेवून घेतलेत

नमस्कार,

आमच्या शूटिंग रेंजबद्दल तुम्ही जो रिव्ह्यू लिहिलात, त्यात ज्या ‘काउंटरवरच्या काकू’ आहेत आणि ज्यांना ‘पिस्तुलातलं ओ की ठो कळत नाही’, त्या मीच. रेंजही माझीच, त्यामुळे उत्तरही मीच देते. तुम्ही दोन तारे दिलेत. त्यातला एक पार्किंगसाठी आहे असं लिहिलंय, आणि वागळे इस्टेटमध्ये पार्किंगला तारा मिळतो यातच मला समाधान आहे.

आधी बोर्डाबद्दल, कारण तिथे तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. बाहेरच्या फ्लेक्सवर ग्लॉकचा, म्हणजे खऱ्या गोळ्यांच्या पिस्तुलाचा फोटो आहे आणि आत फक्त १० मीटरची एअर पिस्तुलं. फ्लेक्सवाल्याने नेटवरून चित्र उचललं. मला ते पहिल्याच दिवशी कळलं होतं, पण पैसे दिले होते, पावसाळा तोंडावर होता, राहू दे म्हटलं. ते राहू द्यायला नको होतं. ग्लॉक ९ मिमीचं, आणि आपल्याकडे ९ मिमी हा प्रतिबंधित बोअर (नळीच्या आतला व्यास) आहे. पोलीस, एनएसजी कमांडो यांच्याकडे ग्लॉक असतं, पण चालत आलेल्या माणसाच्या हातात ते देणारी खाजगी रेंज तुम्हाला ठाण्यात मिळणार नाही. आमच्याकडे ४.५ मिमीचा छर्रा आणि दाबलेली हवा. तुम्ही घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून ग्लॉकच्या आशेने आलात आणि हाती हे पडलं, तर चिडणारच. बोर्ड उतरवला आहे. नवा येईपर्यंत कोरी पाटी आहे.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही लिहिलंय: ‘३ नंबरचं पिस्तूल ठीक, ७ नंबरचं फालतू, बॅरल वाकडी. विचारलं तर काकू हसल्या.’

हसले, हे खरं. हसायला नको होतं. पण का हसले ते सांगते. ३ आणि ७ ही एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची, एकाच खेपेत आलेली पिस्तुलं आहेत. चाप दोन्हीचा ५०० ग्रॅमवर लावलेला, स्पर्धेच्या नियमात याहून हलका चालत नाही. फरक होता तो फक्त साइटमध्ये, म्हणजे पिस्तुलावरच्या नेम धरायच्या खुणेत. ३ नंबरवर सराव करणारी मुलगी काळ्या वर्तुळाच्या खाली, थोडी पांढरी पट्टी सोडून नेम धरते, आणि छर्रा मधोमध लागावा अशी साइट लावून घेते. ७ नंबरचा मुलगा थेट काळ्याच्या मध्यावर नेम धरतो. तुम्हाला आमच्या कोचने खाली नेम धरायला शिकवलं आणि तुम्ही दोन्ही पिस्तुलांनी तसाच धरला. मग ७ नंबरचे छर्रे चार सेंटिमीटर खाली जाणारच. पिस्तूल बिचारं सांगितलं तिथे मारत होतं.

ट्रायलला देण्याआधी साइट परत जागेवर आणणं हे आमचं काम होतं. ते राहिलं. ही चूक आमची आहे, बॅरलची नाही.

तुमचे दोन्ही पेपर माझ्याकडे आहेत. ३ नंबरवर पाच शॉटमध्ये ३८ गुण, ७ नंबरवर २३. तुम्ही तेवढंच पाहिलंत. मी पट्टी लावली: ३ नंबरवर सर्वांत लांबच्या दोन छिद्रांमधलं अंतर ५६ मिमी, ७ नंबरवर ५१. म्हणजे ज्याला तुम्ही फालतू म्हणालात त्याने छर्रे जास्त जवळजवळ टाकलेत. यावरून ७ नंबर चांगलं असंही मी म्हणणार नाही. पाच शॉटमधला ५ मिमीचा फरक म्हणजे तुमचा श्वास, खांदा, शेजारच्या लेनमधला आवाज, काहीही. दुसऱ्या दिवशी उलटं येईल. दहाचं वर्तुळच मुळी ११.५ मिमीचं आहे, त्यापुढची एकेक रिंग ८ मिमीवर. साइट जराशी हलली की गुण कोसळतात, पण ग्रुप, म्हणजे छिद्रांचा पुंजका, तेवढाच राहतो. म्हणून पिस्तूल जोखायचं तर आधी ग्रुप बघायचा. गुण नंतर, साइट फिरवून आणता येतात.

पटायाचाही उल्लेख तुम्ही केलाय. तिथे ग्लॉक १७, सिग पी३२० आणि सीझेड पी-१० यांच्या प्रत्येकी दहा गोळ्या झाडल्यात आणि ‘ग्लॉक मेलेलं, सिग लोणी’ हे तिथल्या तिथे ठरलं. माझा या पिस्तुलांशी संबंध वाचनापुरता आणि परदेशातल्या एका क्लबात घालवलेल्या दुपारीपुरता आहे, पण हा विषय माझ्या आवडीचा, म्हणून थोडं बोलते.

तिन्ही एकाच घरातली भावंडं आहेत. बाहेर आपटणारा घोडा (हॅमर) नाही, आत स्प्रिंगवर ताणलेला स्ट्रायकर, म्हणजे गोळीच्या बुडावर आदळणारी सुई, खालचा सांगाडा पॉलिमरचा, सगळी ९ मिमी. मग चाप इतका वेगळा का लागतो? ग्लॉकमध्ये स्लाइड, म्हणजे वरचा मागे-पुढे सरकणारा भाग, परत येताना स्ट्रायकर अर्धवटच ताणला जातो. उरलेला ताण तुमचं बोट चाप ओढताना देतं. सिगमध्ये स्लाइडच तो पूर्ण ताणून ठेवते, बोटाने फक्त सोडायचं. तुम्हाला जे ‘मेलेलं’ वाटलं ते बोटावर आलेलं काम होतं. मूठही वेगळी आहे. ग्लॉकची जास्त कललेली, त्यामुळे दुसऱ्या पिस्तुलाची सवय असलेल्याला तिचं तोंड वर उचलल्यासारखं वाटतं. आठवडाभर तेच धरलं की वाटत नाही.

आणि एक विचारू का? तिथे पहिलं कुठलं हातात आलं होतं? रिव्ह्यूत ज्या क्रमाने लिहिलंय तोच क्रम असेल तर ग्लॉक पहिलं. पहिल्या दहा गोळ्यांत माणूस आवाजाला दचकतो, चापाला हिसका देतो, आणि उजव्या हाताने मारणाऱ्याची गोळी खाली-डावीकडे जाते. पुढचं पिस्तूल घेईपर्यंत हात सरावलेला असतो. श्रेय पिस्तुलाला मिळतं. ऑस्ट्रियाच्या लष्कराने १९८२ मध्ये ग्लॉक घेतलं, अमेरिकेच्या लष्कराने २०१७ मध्ये पी३२० निवडलं, तेव्हा ग्लॉकही स्पर्धेत होतं. दोघांपैकी कुणीही दहा गोळ्यांत ठरवलं नसणार.

‘४५ मिनिटांतली २५ मिनिटं रिकामं पिस्तूल दाबायला लावलं’ ही तक्रारही यातच येते. ग्लॉकचा चाप साधारण अडीच किलोच्या आसपास. त्याची ओढ बोटात बसलेला माणूस ५०० ग्रॅमवर आला की नेम लागायच्या आधीच शॉट सुटतो. सुरुवातीला दोनदा तुमचा तसा सुटला, आठवत असेल. रिकामं दाबणं त्यासाठीच होतं. कोच हे आधी समजावून सांगत नाही, नुसतं ‘अजून दहा’ म्हणतो. त्याच्याशी बोलले आहे. २०२४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये मनू भाकर आणि स्वप्निल कुसळे यांनी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीची पदकं मिळवल्यापासून आमच्याकडे मुलांची रांग लागलीय, आणि तो मोठ्या माणसांशीही मुलांसारखंच बोलतो.

उशीर वीस मिनिटांचा झाला, बरोबर. आधीची बॅच लांबली. त्यासाठी ७०० पैकी ३५० तुम्ही ज्या नंबरवरून पैसे पाठवलेत त्यावर परत केले आहेत.

एका गोष्टीची मात्र मी माफी मागणार नाही. ‘सगळ्यांसमोर हातातून पिस्तूल हिसकावलं.’ हो, घेतलं. मिसेसना फोटो काढता यावा म्हणून तुम्ही पिस्तूल हातात धरून मागे वळलात. मधे चौथ्या लेनवर बारा वर्षांची मुलगी कानाला मफ लावून वाकून छर्रा भरत होती, तुम्हाला ती दिसलीही नसेल. पिस्तूल रिकामं होतं, मलाही माहीत होतं. पण नळीचं तोंड टार्गेटकडेच, हा नियम रिकाम्या-भरलेल्याचा हिशोब करत नाही, आणि मीही करत नाही. पुन्हा तसं झालं तर पुन्हा घेईन. ओरडले ते मात्र चुकलं. मुलांसमोर माझा आवाज चढतो, ही जुनी खोड आहे. मिसेसनाही सांगा, फोटो काढायचा असेल तर लेनच्या मागे लाल पट्टीवर उभं राहून पाठमोरा काढता येतो, चांगला येतो.

‘मुलांच्या छर्‍याच्या बंदुका’ यावर फार बोलत नाही. त्या मुलांच्या बंदुकीतून ७५ मिनिटांत ६० शॉट एका हाताने मारायचे असतात. पंधराव्याला खांदा काय म्हणतो ते या आणि पहा.

खरंच या. मंगळवारी दुपारी रेंज मोकळी असते, फी घेणार नाही. या वेळी साइट मी स्वतः लावते, दोन्ही सारख्या. कुठलं कधी द्यायचं ते कोच ठरवेल, पाच शॉट याचे, पाच त्याचे, असे चार-चार फेरे. पिस्तुलांवरचे ३ आणि ७ हे आकडे टेप लावून झाकून ठेवीन. नंतर पेपर तुम्ही स्वतः मोजा आणि कुठलं फालतू ते सांगा. पट्टी काउंटरवरच असते.