'खेळ ९० टक्के डोक्यात असतो' म्हणे!

शालेय स्पर्धा जवळ आल्या की पालकांच्या ग्रुपवर तोच मजकूर फिरायला लागतो: खेळ ९० टक्के मनाचा, १० टक्के अंगाचा. भीती वाटते तो कच्चा. डोळे मिटून ट्रॉफी बघा, मिळणारच.

आधी ते ९० टक्के. मोजले कुणी? मन आणि हात सुटे काढून तोलता येतच नाहीत. व्हॉलीबॉलची सर्व्हिस बघा. दडपण आलं की खांदा आखडतो, चेंडू उघड्या तळव्यावरून सोडायच्या ऐवजी बोटांनी फेकला जातो आणि टॉस, म्हणजे मारण्याआधी वर टाकलेला चेंडू, डोक्याच्या मागे जातो. मग हात चेंडूच्या खालून बसतो, चेंडू रेषेबाहेर. पुढच्या वेळी पोरगं धास्तीनं टॉस फारच पुढे टाकतं, तो जाळीत. बाहेरून सर ओरडतात, "कॉन्फिडन्स ठेव!" तो ठेवायचा कुठं, हे त्याला कुणी सांगत नाही. "टॉस खांद्यासमोर" म्हटलं तर निदान करायला काही मिळतं.

भीती वाटते तो कच्चा, हे तर साफ चूक. छाती धडधडणं म्हणजे अंग तयारीला लागणं. मुरलेल्या खेळाडूंनाही ते होतं. फक्त वेळेचं गणित जमवावं लागतं. पंचाच्या शिट्टीनंतर सर्व्हिसला ८ सेकंद मिळतात आणि एकदा वर टाकलेला चेंडू झेलून पुन्हा टाकता येत नाही. म्हणून लांब श्वास सोडायचा तो शिट्टीआधी, मागे चालत जाताना. तेव्हाच जागा ठरवायची: एक नंबर (समोरच्या संघाचा मागचा उजवा कोपरा) की पाच नंबर (त्यांचा मागचा डावा). शिट्टीनंतर चेंडू दोनदा आपटायचा, नजर चेंडूवर, टॉस. फ्लोटला, म्हणजे चेंडू न फिरवता मारलेल्या सर्व्हिसला, टॉस हातापासून दोन-अडीच फूट पुरे; उघड्या मैदानावर वारं असेल तर त्याहून कमी.

ट्रॉफी डोळ्यांसमोर आणून टॉस सुधारत नाही. आणायचाच तर तो टॉस आणा.

जिद्दीचा दाखला म्हणून आपल्या बीडच्या सचिन धसचं नाव निघतं. क्रिकेटच्या २०२४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकाची उपांत्य फेरी, समोर दक्षिण आफ्रिका, २४५ चं लक्ष्य आणि भारत ४ बाद ३२. तिथून ९५ चेंडूंत ९६. जिद्द होतीच. पण कुठला चेंडू सोडायचा हे जिद्द सांगत नाही, ते नेटमध्येच कळतं.

तेव्हा सराव असा लावा. शेवटी, पाय जड झाल्यावर, १० सर्व्हिस: निम्म्या एक नंबरला, निम्म्या पाच नंबरला, प्रत्येकीला शिट्टी, बाकीच्या पोरांनी गोंगाट करायचा. सुरुवातीला १० पैकी ६ आत पडल्या तरी चालेल. ८ व्हायला लागल्या की लक्ष्य अरुंद करा. मात्र लातूर-परभणीच्या मे महिन्यात हे सकाळी आठच्या आत उरका. उन्हानं पोटरीत गोळा आलेल्या पोराला "मनानं कमजोर" म्हणू नका, पाणी द्या.