फ्री डिश तुमच्या लेकराला ओळखत नाही
अंबाजोगाईकडच्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत मेसेज फिरतोय: ‘फ्री डिशवरचे शिक्षणाचे चॅनेल तुमच्या लेकराच्या चुका ओळखून धडा बदलतात, नोंदणी फी भरा.’ हे खोटं आहे. कृपा करून पैसे भरू नका. फ्री डिश म्हणजे दूरदर्शनची मोफत उपग्रह टीव्ही सेवा. तिची छतावरची छत्री उपग्रहाचा सिग्नल फक्त घेते, लेकराचं उत्तर परत पाठवत नाही. म्हणून परळीत आणि परभणीत एका वेळी तोच धडा दिसतो. पीएम ई-विद्या या केंद्र सरकारच्या शिक्षण योजनेचे चॅनेल मात्र खरे आहेत, आणि फ्री डिशला महिन्याचं भाडं नाही. लेकरागणिक धडा बदलायचा तर इंटरनेट जोडलेला टीव्ही किंवा मोबाइल आणि तसं ॲप लागतं. तोवर मी वर्गात अपूर्णांकाच्या धड्यात मध्येच टीव्हीचा आवाज बंद करते, ‘पाव भाकरी दाखवा’ म्हणते, आणि लेकरं डब्यातली भाकरी मोडून दाखवतात.