राघोजी भोसल्यांची तलवार आणि झिरो माइल: एका कॉमेंटला उत्तर

नमस्कार दादा,
माझ्या आधीच्या लेखावरची तुमची कॉमेंट सकाळी घाईत वाचली आणि रात्री जेवण झाल्यावर परत निवांत वाचली. तुमचं म्हणणं असं की नागपूरच्या भोसले घराण्याचे संस्थापक राघोजी भोसले यांच्या तलवारीचं पातं युरोपातलं आहे असं लिहून मी आपल्या लोहारांना कमी लेखलं, आणि नागपुरातला झिरो माइलचा दगडी खांब हा भारताचा मध्य नाही असं सांगून नागपूरचं नाक कापलं. "नागपूरचे असून नागपूरलाच खाली पाडून राहिले" हे वाक्य मला लागलं, म्हणून एवढं लिहितोय.

पहिले तलवार. २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून राज्य सरकारनं ती ४७.१५ लाखांना घेतली, तेव्हा तिचे फोटो मी मोबाइलवर झूम करकरून पाहिले होते. सरळ एकधारी पातं, मुल्हेरी पद्धतीची मूठ, मुठीवर सोन्याची नक्षी, आणि पात्याच्या पाठीवर मुठीजवळ सोन्यात लिहिलेली देवनागरी अक्षरं: 'श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहिब सुभा फिरंग'. शेवटचा शब्द पाहा दादा. फिरंग, म्हणजे युरोपी पात्याची तलवार! तो मी लावला नाही की लिलाववाल्यांनी लावला नाही, तलवारीवरच आहे, आपल्या लिपीत. पातं बाहेरचं आहे याची लाज वाटली असती तर सोन्यानं कशाला लिहून ठेवलं असतं?

तेव्हा युरोपातली लांब, लवचिक पाती जहाजानं किनाऱ्यावर उतरायची आणि मराठ्यांमध्ये त्यांना फार मान होता, मग इथले कारागीर त्यांना आपल्या हाताला बसेल अशी मूठ चढवायचे, त्यावर नक्षी करायचे, आणि ते काम काही सोपं नाही, मूठ नीट बसली नाही तर चांगलं पातंही हातात नाचतं. आपल्या लोहारांचं म्हणाल तर आजच्या तेलंगणात कोनसमुद्रम नावाचं गाव आहे, तिथलं पोलाद न्यायला इराणचे व्यापारी यायचे आणि तिकडे त्याच्या तलवारी बनायच्या. म्हणजे माल दोन्हीकडून जायचा-यायचा, आणि दोन्हीकडे पारख करणारी माणसं होती.

मला खरं वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर ईस्ट इंडिया कंपनीनं भोसल्यांचा खजिना लुटला, त्यातच ही गेली असावी असं अभ्यासक म्हणतात. त्याच सीताबर्डीच्या टेकडीखालून आपण रोज गाड्या काढतो हो, आणि किती जणांना हे माहीत आहे!

आता झिरो माइल. लहानपणी बाबा मला स्कूटरवर घेऊन गेले होते, त्यांनी दगडावरची नावं बोट ठेवून वाचायला लावली, हैदराबाद, चांदा, जबलपूर, सिवनी, छिंदवाडा, बैतूल, आणि मीही कित्येक वर्षं तो देशाचा मध्यच समजत होतो. पण तिथं कोरलंय ते स्टँडर्ड बेंचमार्क, १९०७, म्हणजे समुद्रसपाटीपासूनच्या उंचीची पक्की खूण, १०२०.१७१ फूट. आजच्या नकाशात मध्य म्हणून कटनी जिल्ह्यातलं करौंदी सांगतात. पण मला विचाराल तर हीच गोष्ट जास्त मोठी आहे. ज्या ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हेची, म्हणजे अख्ख्या देशाच्या मोजणीची, ही खूण, तो १८०२ मध्ये मद्रासकडून सुरू करणारा विल्यम लॅम्बटन, आयुष्यभर मोजणीच्या साखळ्या टाकत आणि भलाथोरला थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, टेकड्यांवर चढवत उत्तरेकडे सरकत आला, आणि १८२३ च्या जानेवारीत नागपूरला येता येता आपल्या हिंगणघाटला वारला. कबर तिथंच आहे. वर्धेकडे जाणं झालं तर वेळ काढून थांबा, मी सोबत यायला तयार आहे.

एक चूक मात्र तुम्ही अगदी बरोबर पकडली. पात्यावरचा मजकूर देताना मी 'रघुजी' लिहिलं होतं, पात्यावर 'राघोजी' आहे. आत्ताच दुरुस्त केलं आणि खाली तुमच्या कॉमेंटचा उल्लेखही टाकलाय. मनापासून आभार.