अलर्ट नाही म्हणून शेअर स्वच्छ?

गेला आठवडाभर सहकारनगरातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीबद्दल एक मेसेज फिरतोय: “सेबीकडे आता एआय आहे, प्रत्येक सौदा कॉम्प्युटर तपासतो. ऑपरेटरचे दिवस संपले. कारवाई नाही तो शेअर बिनधास्त घ्या. गडबड निघालीच तर पैसे परत मिळतात.” ऑपरेटर म्हणजे संगनमताने शेअरचा भाव खेळवणारे. तळमजल्यावरचे काका त्या मेसेजवर विसंबून रिटायरमेंटचे दोन लाख एका पेनी स्टॉकमध्ये, म्हणजे अगदी कमी भावाच्या शेअरमध्ये, घालायला निघाले, म्हणून हे लिहितोय. माझं रोजचं काम डेटाचंच आहे.

कॉम्प्युटर सौदे तपासतो, हे खरं. मोठी ऑर्डर लावून क्षणात काढली, तीच चार खाती एकमेकांतच माल फिरवत राहिली, की अलर्ट येतो. पण चार खात्यांमागे माणूस एकच आहे, हे सौद्याच्या नोंदीत लिहिलेलं नसतं. खाती मेहुण्याच्या, ड्रायव्हरच्या नावावर असतात. मग पत्ते, मोबाइल नंबर, बँकेतली देवाणघेवाण जुळवत बसावं लागतं. २००५ च्या आयपीओ (कंपनीची पहिली जाहीर शेअरविक्री) घोटाळ्यात किरकोळ गुंतवणूकदारांच्या वाट्याचे शेअर बेनामी अर्जांनी लाटले. एकाच पत्त्यावर हजारो डीमॅट खाती, हा त्यातला मोठा धागा होता.

ऑपरेटर संपले? जेन स्ट्रीट या अमेरिकी ट्रेडिंग कंपनीचं प्रकरण आठवा. ३ जुलै २०२५ च्या अंतरिम आदेशात सेबीने ४,८४३ कोटी रुपये अडकवून ठेवायला सांगितले. आरोप असा, की सकाळी बँकांचे शेअर आणि फ्युचर्स (पुढच्या तारखेच्या खरेदीचे करार) घेऊन बँक निफ्टी हा बँकांच्या शेअरचा निर्देशांक वर न्यायचा, ऑप्शन्समध्ये, म्हणजे भाव चढेल की पडेल यावरच्या करारांत, त्याच्या कितीतरी पट मंदीची (निर्देशांक पडला तर फायदा देणारी) पोझिशन घ्यायची, दुपारी शेअर विकून टाकायचे. आदेशानुसार १७ जानेवारी २०२४ या एका दिवसात ऑप्शन्समध्ये सुमारे ७३५ कोटींचा नफा झाला, शेअर-फ्युचर्समध्ये सुमारे ६२ कोटींचा तोटा. कंपनीला आरोप मान्य नाहीत. पण नुसते शेअरचे सौदे पाहिले तर तोट्यात गेलेला एक खरेदीदार दिसतो. शेअर आणि ऑप्शन्स हे दोन्ही बाजार शेजारी ठेवल्यावरच चित्र उलगडतं, आणि आदेश आला तो दीड वर्षाने.

“कारवाई नाही म्हणजे स्वच्छ” हे सगळ्यात घातक. समजा एक लाख नोंदींत १०० खोट्या आहेत. यंत्रणा त्यातल्या ९० पकडते आणि चांगल्यांपैकी फक्त एक टक्क्यावर चुकून बोट ठेवते. अलर्ट किती? ९० खरे, ९९९ खोटे. प्रत्येकामागे तपास अधिकारी बसवता येत नाही, म्हणून चाळणी जाड करतात, आणि जाड चाळणीतून लहान कंपन्यांचे खेळ निसटतात. एएसएमच्या, म्हणजे बाजाराच्या जादा देखरेखीच्या, यादीत नाव येणं हा गुन्ह्याचा पुरावा नाही, तसं नाव नसणं हे प्रशस्तिपत्रकही नाही.

पैसे परत? आयपीओ घोटाळ्यातले सुमारे २३ कोटी रुपये वाटले गेले २०१० मध्ये, तेही अर्ज करून शेअर न मिळालेल्यांना. चढ्या भावात शेअर गळ्यात पडलेल्याला त्यातलं काही नव्हतं.

काल काकांच्या मोबाइलवर तो शेअर पाहिला. सलग नऊ दिवस अपर सर्किट (भाव दिवसाच्या कमाल मर्यादेला टेकलेला), खरेदीच्या रकान्यात लाखांच्या ऑर्डरी, विक्रीच्या रकान्यात शून्य. मी विचारलं, “काका, ही कंपनी बनवते काय?” ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. आज संध्याकाळी आम्ही दोघं तिचे तिमाही निकाल घेऊन बसणार आहोत.